नळ हेही भांडेच

प्रस्तावना

‘कळकणे’ हे क्रियापद आपल्या स्वयंपाकघरातून आता जवळजवळ नाहीसे झाले आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकायची. रंग हिरवट व्हायचा, चव तुरट लागायची आणि चुकून पोटात गेली तर मळमळ ठरलेली. म्हणून वर्षातून एकदोनदा कल्हईवाला दारात बसायचा. आंबट पदार्थ दगडीत किंवा चिनी मातीच्या बरणीत, पिण्याचे पाणी तांब्याच्या घागरीत किंवा माठात, आणि घागर रोज चिंचेने किंवा राखेने घासूनच भरायची, हे नियम घरातल्या बायकांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. भांडे कशाचे आहे आणि ते शेवटचे कधी घासले, यावर आतल्या वस्तूचे भले-बुरे ठरते, हे त्या जाणून होत्या.

मग घरात नळ आले आणि हे शहाणपण आपण नळाच्या बाबतीत वापरायचे विसरलो. नळातून पाणी ‘येते’ असे आपण म्हणतो, जणू पाइप हा नुसता रस्ता आहे. पण रात्री अकराला शेवटची तोटी बंद झाल्यापासून पहाटे पाचपर्यंत पाणी त्या पाइपमध्येच मुक्कामाला असते. अर्ध्या इंची पाइपच्या 30 फूट लांबीत दीड लिटरपेक्षा जास्त पाणी मावते. तेवढेच पाणी तांब्यात ठेवले तर तांब्याच्या जेवढ्या पृष्ठभागाला ते टेकेल, त्याच्या सहा-सात पट पृष्ठभागाला पाइपमध्ये टेकते. म्हणजे पाइप हे घरातले सर्वांत लांब, सर्वांत अरुंद आणि कधीही न घासलेले भांडे आहे. या पुस्तकाला सांगायचे आहे ते एवढेच: नळ हेही भांडेच आहे. ते भांड्यासारखे निवडावे आणि भांड्यासारखे स्वच्छ ठेवावे.

आमच्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली तेव्हा प्लंबरने मोरीच्या भिंतीतून काढलेला लोखंडी पाइप आडवा कापून माझ्या हातात दिला. बाहेरून तो अर्धा इंची होता. आत गंजाचे आणि क्षाराचे असे थर चढले होते की मधल्या भोकातून पेन्सिलही जेमतेम गेली असती. थरांच्या खाचांत बोटाला बुळबुळीत लागणारा तपकिरी साका होता. आमचे सगळे घर अनेक वर्षे त्यातूनच पाणी पीत होते. पाणी दिसायला स्वच्छ होते, म्हणून आम्ही कधी विचारले नाही. त्या तुकड्याने मला विचारायला लावले, आणि त्या विचारण्यातून हे पुस्तक झाले.

पाणी कशातून न्यावे हा प्रश्न नवा नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने शिशाच्या नळांपेक्षा मातीचे नळ बरे, असे लिहून ठेवले. शिसे वितळवणाऱ्या कारागिरांचे चेहरे पांढरेफटक पडतात, हे त्याने पाहिले होते. तरीही लॅटिनमधल्या ‘प्लंबम’ म्हणजे शिसे या शब्दावरूनच आपल्या प्लंबरला त्याचे नाव मिळाले आहे. शहाणपणाचे शब्द लिहिले गेले, पण वाकवायला सोपे म्हणून शिसेच टिकले. आपल्याकडे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबरने औरंगाबादेत नहर-ए-अंबरी आणली, तिच्यात खापराचे नळ होते. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचे पाणी पुण्यात आले ते जमिनीखालच्या दगडी बांधणीच्या नळातून. कात्रजला वरच्या तलावात गाळ बसायचा आणि निवळ पाणी खालच्या तलावात उतरायचे. वाटेवर जागोजागी उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून हवा खेळायची, आणि आत उतरून गाळही काढता यायचा. मला या रचनेतली सर्वांत मोठी गोष्ट तीच वाटते. ज्यांनी नळ बांधला त्यांनी तो साफ कसा करायचा हेही त्याच दिवशी ठरवले. आजच्या इमारतींत पाइप भिंतीत गाडले जातात, वर टाइल बसते आणि साफ करायची जागाच उरत नाही.

या पुस्तकात मी प्रौढ माणसांच्या स्वच्छतेविषयी मुद्दाम बोलतो आहे, त्याचे कारण सांगायला हवे. दूषित पाण्याचा विषय निघाला की आपल्याला लहान मुलांची हगवण आठवते, आणि ते योग्यच आहे. पण पाण्यातून येणारी एक मोठी कावीळ प्रामुख्याने मोठ्या माणसांना गाठते. हिपॅटायटिस ‘ई’ हा तो आजार. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचे पाणी उपसण्याच्या ठिकाणी नाल्याचे सांडपाणी मिसळले आणि 1956 च्या जानेवारीपर्यंत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. त्या काळी या विषाणूला नावही नव्हते. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे अनेक वर्षांनी तो हिपॅटायटिस ‘ई’ असल्याचे कळले. 2012 मध्ये इचलकरंजीने हाच आजार सोसला. तो कर्त्या वयाच्या स्त्री-पुरुषांना जास्त धरतो आणि गर्भवती स्त्रीला शेवटच्या तिमाहीत झाला तर मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. विषाणू पोटात गेल्यावर कावीळ दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. तोवर फुटलेला पाइप दुरुस्त झालेला असतो, पाणी पुन्हा निवळ दिसू लागते आणि दोष कुठल्या तरी हॉटेलातल्या पाणीपुरीवर जातो. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि सगळे शहर पाण्याकडे संशयाने पाहू लागले. महिन्याभराने संशय ओसरला. पाइप होते तिथेच आहेत.

घाण पाइपमध्ये शिरते कशी, हे समजून घेणे या पुस्तकाचा पाया आहे. आपल्याकडे बहुतेक गावांत पाण्याला ‘वेळ’ असते. तासभर पाणी येते आणि मग नळ कोरडे. पाइपमध्ये दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर जाते. पुरवठा बंद झाला, पाइप रिकामा होऊ लागला की आत ओढ तयार होते आणि त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत येते. जुन्या वस्त्यांत घरगुती नळजोडणीचे पाइप उघड्या गटारातून किंवा गटाराच्या कडेने गेलेले असतात, आणि ते सांध्यापाशी हमखास गंजतात. त्यात कुणी नळाला थेट टिल्लू पंप लावला की ही ओढ कितीतरी वाढते. आपल्याला चार हंडे जास्त मिळतात आणि गल्लीतल्या सगळ्यांना गटाराचा वाटा. टिल्लू पंप हा शेजाऱ्याच्या पाण्यावर तर घाला आहेच, शेजाऱ्याच्या यकृतावरही आहे. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहितो आहे.

आता निवडीविषयी. पाइप कोणता चांगला, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यावर माझा पहिला प्रतिप्रश्न असतो, तुमचे पाणी कसले आहे? कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. असे पाणी धातूला खाते. तांब्याच्या पाइपात ते मुरले की बेसिनवर निळसर-हिरवे डाग पडतात. हे पाण्याचे कळकणेच आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, म्हणजे जीआय पाइपचा मुलामाही ते लवकर उतरवते. उलट मराठवाड्यात किंवा देशावर खोल बोअरचे पाणी जड असते. ते धातूला खात नाही, त्यावर थर चढवते. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा दगडी लेप हा त्याचाच. म्हणून रत्नागिरीच्या भावाने लावलेला पाइप लातूरच्या बहिणीने डोळे मिटून लावू नये.

जीआय पाइपने आपल्याकडच्या दोन पिढ्यांना पाणी पाजले. त्याच्यावरचा पिवळा, निळा आणि लाल पट्टा हा अनुक्रमे हलक्या, मध्यम आणि जाड पाइपची खूण असतो. तो मजबूत, पण आतून गंजतो आणि त्या खडबडीत गंजात जिवाणूंना घर मिळते. तांब्याच्या किंवा पितळी भागांनंतर जीआय जोडला तर जस्त आणखी झपाट्याने जाते. त्याच्या आट्यांवर सूत आणि सफेता लावायची पद्धत होती. सफेता म्हणजे मुळात शिशाचे संयुग. आता टेफ्लॉन टेप सहज मिळते, तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या सांध्यावर तो सफेता नको.

यूपीव्हीसी पाइप गंजत नाही, स्वस्त आहे आणि थंड पाण्याला उत्तम. पण गरम पाणी सोडले की तो मऊ पडतो आणि उन्हात वर्षानुवर्षे राहिला तर ठिसूळ होतो. पीव्हीसी पाइप बनवताना स्थिरतेसाठी शिशाची संयुगे घालत असत. त्यांवर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारने 2021 मध्ये जाहीर केले. म्हणून आजही पाइप घेताना ‘शिसेविरहित’ असल्याचे पाहावे आणि दुकानदाराच्या तोंडी शब्दापेक्षा पाइपवरचा छापा वाचावा. पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपवर आयएस 4985, गरम-थंड दोन्ही चालणाऱ्या सीपीव्हीसी पाइपवर आयएस 15778, जमिनीखालून नेण्याच्या एचडीपीई पाइपवर आयएस 4984 आणि प्लास्टिकच्या टाकीवर आयएस 12701 हा मानक क्रमांक असतो. आयएस 13592 छापलेला पाइप सांडपाण्याचा असतो. तो कितीही नवा आणि स्वच्छ दिसला तरी पिण्याच्या पाण्याला लावू नये. हे पाच आकडे पाठ केलेत तर या पुस्तकाची निम्मी किंमत वसूल झाली असे समजा.

पाइप चांगला आणि जोडणी वाईट, हे तर रोजचे. सीपीव्हीसीला त्याचेच सॉल्व्हंट सिमेंट हवे. ते बोटभर थापले की आत ओघळते आणि पाण्याला महिनोन् महिने वास देत राहते. हिरव्या पीपीआर पाइपचा सांधा सुमारे 260 अंशांना वितळवून जोडतात. जास्त तापवला तर आत कडे तयार होऊन वाट अरुंद होते. पुढे कधी स्वयंपाकघराची जागा बदलली की जुन्या जोडणीला बूच मारून तो तुकडा भिंतीत तसाच ठेवतात. त्यात पाणी साचून राहते, फिरत नाही, आणि त्यातला क्लोरीन संपतो. मग त्या आंधळ्या बोळात जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो आणि अधूनमधून मुख्य वाटेत सुटतो. नळाचे काम करताना असा एकही बोळ उरू देऊ नका.

अंघोळीच्या पाण्याविषयी एक वेगळे प्रकरण आहे, कारण पाणी पोटातूनच बाधते असे नाही. 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन भरले होते. तिथे उतरलेल्यांत न्यूमोनियाची साथ पसरली आणि अनेकजण दगावले. त्यातून ‘लिजिओनेला’ हा जिवाणू शोधला गेला. तो कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. पन्नाशीपुढचे, धूम्रपान करणारे, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले लोक त्याचे सोपे भक्ष्य. वीज वाचवायला गीझर 40 अंशांवर ठेवणे म्हणजे त्याला हवी ती ऊब देणे. टाकीतले पाणी 60 अंशांवर तापू द्यावे आणि अंगावर घेताना थंड पाणी मिसळावे. घरात म्हातारी माणसे असतील तर आधी थंड, मग गरम, हा क्रम पाळावा, नाहीतर जिवाणू टाळताना कातडी भाजेल. गावाहून पंधरा दिवसांनी परत आलात तर शॉवरखाली लगेच उभे राहू नका. खिडकी उघडा, शॉवर बादलीत धरून पाणी काही मिनिटे हळू वाहू द्या.

शौचालयातल्या जेट स्प्रेविषयी लाजेमुळे कुणी बोलत नाही, पण मोठ्या माणसांच्या रोजच्या स्वच्छतेत त्याचाच वापर सर्वांत जास्त. त्याची लवचिक नळी सतत दाबाखाली असते. वापरानंतर मागचा अँगल कॉक बंद केला तर नळी टिकते आणि फुटून घरात पाणी होत नाही. जेटचे तोंड बादलीत बुडवून सोडणे ही सर्वांत वाईट सवय, कारण वरून दाब गेला की बादलीतले पाणी उलटे पाइपमध्ये चढू शकते. जलनेती करणाऱ्यांनी नळाचे पाणी नुसते कोमट करून वापरू नये. ते चांगले उकळून, निववून घ्यावे. नाकावाटे मेंदूपर्यंत पोचणारा नेग्लेरिया हा अमीबा दुर्मीळ आहे, पण त्याच्यापुढे उपचार बहुतेकदा हरतात.

आता साफ करण्याविषयी. खेड्यात जलसुरक्षक पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, क्लोरीन उरला का ते ओटी चाचणीच्या पिवळ्या रंगावरून पाहतो. पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. शहरातल्या आपल्या इमारतीला असे कार्ड कुणी देत नाही. मीटरपर्यंतचे पाणी पालिकेचे, त्यापुढची टाकी, पाइप आणि तोटी आपली. ग्राहकाच्या तोटीला प्रतिलिटर किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा असे भारतीय मानक सांगते. तो गच्चीवरच्या टाकीत दोन-तीन दिवस उन्हात पडून राहिलेल्या पाण्यात उरत नाही.

टाकी सहा महिन्यांतून एकदा तरी रिकामी करून घासावी. साबण लागत नाही, ब्रश आणि पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. घासून गाळ काढल्यावर टाकी भरावी आणि 1000 लिटरला सुमारे 150 ग्रॅम ताजी टीसीएल पावडर घालावी. ती आधी बादलीत कालवून, चुन्याचा साका खाली बसू देऊन, वरची निवळच टाकीत ओतावी. मग घरातली प्रत्येक तोटी क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडावी, बंद करावी आणि पाणी रात्रभर तसेच राहू द्यावे. त्या रात्री ते पाणी पिऊ नये, अंघोळीलाही घेऊ नये. सकाळी सगळे सोडून द्यावे आणि ताज्या पाण्याने टाकी व पाइप धुऊन घ्यावेत. टाकी घासून पाइप तसेच ठेवणे म्हणजे पातेले घासून पळी खरकटी ठेवणे. शॉवरच्या जाळीवरचा पांढरा क्षार सायट्रिक ॲसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवला की सुटतो. आजीची चिंच तांब्याच्या घागरीवर हेच करायची. मात्र आम्ल आणि टीसीएल कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो.

जीव घेण्यावरून आणखी एक. जमिनीखालच्या टाकीत साफ करायला माणूस उतरतो, तेव्हा आत हवा पुरेशी आहे का, हे कुणी पाहत नाही. प्राणवायू कमी झालेल्या टाकीत पहिला माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. झाकणे आधी बराच वेळ उघडी ठेवून पंख्याने हवा आत सोडल्याशिवाय, कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर माणूस उभा असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका. आपल्या स्वच्छतेची किंमत दुसऱ्याच्या श्वासाने चुकवायची नाही, ही या पुस्तकातली एकमेव अट आहे जिथे मी सूट देत नाही.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात पाणी ओळखणे, दुसऱ्यात पाइप, टाकी आणि तोटी निवडणे, तिसऱ्यात जोडणी करून घेणे आणि चौथ्यात वर्षभराचे साफसफाईचे वेळापत्रक. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी, चाळीतल्या सामाईक नळासाठी आणि घरी आजारी माणूस असणाऱ्यांसाठी शेवटी वेगळी पाने जोडली आहेत. नवे घर बांधणाऱ्याने दुसरा भाग आधी वाचावा. पाइप भिंतीत गेल्यावर तो भाग वाचून हळहळ तेवढी होईल.

हे लिहिताना मी सर्वांत जास्त शिकलो ते काम करणाऱ्या प्लंबरांकडून. कापलेल्या पाइपचे तुकडे त्यांनी माझ्यासाठी जपून ठेवले आणि कुठला सांधा का गळला हे हातांनी दाखवले. त्यांच्या हाताला आपण दिवसाची मजुरी देतो, पण त्यांचे काम आपण तीस वर्षे पितो. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. ज्या दिवशी घरात नळाचे काम निघेल, त्या दिवशी ते प्लंबरवर सोपवून ऑफिसला जाऊ नका. घरातल्या मोठ्या माणसांपैकी एकाने तिथे थांबा. पाइपवरचा छापा वाचा, सांधे पाहा, कुठला तुकडा बंद करून ठेवला ते विचारा आणि भिंत बुजवण्याआधी सगळ्या पाइपांचे फोटो काढून ठेवा. तांब्याची घागर आपण वाजवून, उलटीपालटी करून घ्यायचो. या भांड्याला तेवढा एक दिवस द्या.